एका ताटातल्या गोळ्या

अंबाजोगाई
१९ नोव्हेंबर २०२३

प्रिय शहजादी,

तुझ्या मार्चमधल्या पत्राला आज उत्तर देते आहे. आठ महिने झाले. कामाचं कारण देता येईल, पण ते खरं नाही. तू लिहिलं होतंस, 'कोविड होऊन दोन वर्षं झाली, अजून घरातून नळापर्यंत गेले की बसावं लागतं.' त्यावर काय लिहावं हे मला सुचलं नाही. 'काळजी घे' एवढंच लिहायचं तर पाकीट कशाला, असं वाटत राहिलं आणि दिवस गेले. माफ कर.

आज लिहिण्यासारखं काही आहे. जूनपासून मी कॉलेजची प्रयोगशाळा सोडून इथल्या एका दवाखान्यात काम करते. कोविड जाऊनही ज्यांचा थकवा, दम आणि विसरणं जात नाही, अशा लोकांना पोटात घ्यायची एक गोळी देऊन बघायचा अभ्यास चालू आहे. सहा महिने, सकाळ-संध्याकाळ एकेक. मी समन्वयक आहे. म्हणजे लोकांना समजावून सांगायचं, सह्या घ्यायच्या, रोजच्या त्रासाची वही भरायला लावायची, दर चार आठवड्यांनी उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावून अंतर लिहायचं.

यायचं असेल तर पुढचं दोनदा वाच. निम्म्या लोकांच्या डबीत औषध असतं, निम्म्यांच्या डबीत हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. कोणाला काय, हे संगणक ठरवतो. आमच्या डॉ. प्रियदर्शनींना ते माहीत नसतं, मलाही नाही. डबीवर फक्त नंबर असतो. सहा महिने एसटीचे हेलपाटे घालून तू साधी गोळीच खाल्लेली असशील, असंही होऊ शकतं. गुण येईल असं कोणीच सांगू शकत नाही, मी तर नाहीच.

फोनच्या पडद्याने तुझं डोकं ठणकतं आणि बोलताना दम लागतो, म्हणून आपण कागदावर लिहितो. ते चालूच ठेवू. पण गोळ्यांविषयी पत्रात काही लिहू नकोस. जे लिहिशील ते मला नोंदवावं लागेल. तू माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण आहेस हे मी डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "बिनओळखीची माणसं या तालुक्यात मी आणू कुठून?" सगळे हसले. मला हसता आलं नाही.

तुझी
वनमाला


घाटनांदूर
२७ नोव्हेंबर

वनू,

फळांचा गाडा लावायला जाण्याआधी कय्युमनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं. साध्या गोळ्यांपाशी आले आणि थांबले. म्हणाले, "म्हणजे वरून सगळी सफरचंदं सारखीच, कापल्याशिवाय कळायचं न्हाई. आणि कापायची मनाई!" फळवाल्या नवऱ्याला सगळीकडे फळंच दिसतात.

मी येणार. माफी वगैरे नको. तुझ्या जागी मी असते तर मीही आठ महिने लावले असते.

मला काय पाहिजे ते सरळ सांगते. माझी रजा जूनमध्ये संपते. आता आणखी मिळणार नाही, असं वरून स्पष्ट कळवलंय. पंधरा जूनला मी वर्गात उभी राहिले तर राहिले, नाहीतर घरी. बावीस वर्षं पहिलीला शिकवलं, वनू. पोरं शाळेत रडत येतात आणि दिवाळीपर्यंत वाचायला लागतात, याच्यापलीकडे मला दुसरं काही येत नाही. आता मी 'खिडकी' म्हणायला जाते आणि 'कपाट' म्हणते. कधी नुसतीच — (इथे एक शब्द होता, गेला. सापडला की लिहीन.) मला गोळीचं काही नाही. मला पंधरा जून पाहिजे.

शेजारच्या गिरणीवाल्या रतनबाईंना आणू का? त्यांनाही त्याच लाटेत झाला होता. धान्याचा डबा उचलला की दहा मिनिटं उंबऱ्यावर बसून राहतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "तू जाशील तितं मी येती, मास्तरीणबाई. यष्टीत खिडकी मातर माजी." त्यांना लिहिता येत नाही. रोजची त्रासाची वही भरायची असते म्हणतेस ना, त्यांची मी भरीन.

शहजादी


अंबाजोगाई
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय शहजादी,

मंगळवारी तू व्हरांड्यात चाललीस तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते, तुझ्याकडे बघायचं टाळत होते. डिसेंबरात तू दोनशे तीस मीटर चालली होतीस आणि दोनदा भिंतीला धरलं होतंस. परवा तीनशे सत्तर, भिंतीला न धरता. रतनबाईंचंही अंतर या वेळी वाढलं. जानेवारीत त्या म्हणाल्या होत्या, "काय बी फरक न्हाई, पर येती आपली, यष्टीत हवा लागती." परवा जिन्यावरून माझ्या पुढे गेल्या.

हे लिहायला नको होतं बहुधा. पण आकडे तुला त्याच दिवशी सांगितले होते, तेव्हा नवं काही लिहिलेलं नाही.

घाटनांदूरच्या दोघींच्या गोळ्यांची मोजणी कधी चुकत नाही, हे मी डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं. शहरातल्या माणसांच्या डब्यांत चार-सहा गोळ्या जास्त निघतात. तुमच्या नेमक्या.

एक मात्र स्वतःला विचारते आहे. तू आलीस की मी उठून खुर्ची पुढे करते. इतरांना 'बसा' एवढंच म्हणते. पुढच्या वेळी करणार नाही. रागावू नकोस, आणि त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

वनमाला


घाटनांदूर
३ मार्च

वनू गं,

काल शाळेत जाऊन आले. चालत! मध्ये फक्त एकदा थांबले, तेही पारावर ओळखीचे भेटले म्हणून. दुसरीतल्या एका पोरीने मला बघून विचारलं, "बाई, तुमी मेलत्या ना?" मी म्हटलं, "मेलते, पण तुमचे पाढे राहिलेत म्हणून परत आले." मग तासभर पाढे म्हणून घेतले. एकही शब्द हरवला नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, जूनला पहिलीचा वर्ग तुमचाच.

आता एक गंमत सांगते. आधी रागावशील, मग हसशील.

तू माझ्यासाठी खरी डबी काढून ठेवलीस हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तोंडाने तू कधी कबूल करणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण माझी डबी तू माझ्या हातात दिलीस आणि रतनमावशींची टेबलावर ठेवलीस. मी काय ते समजले. आपल्याकडे ओळखीशिवाय कोणाला काय मिळालंय? गॅसची टाकी असो की बदली असो. तिसऱ्या आठवड्यात मला गुण दिसायला लागला आणि रतनमावशी तशाच. त्यांची गिरणी दुपारभर बंद. एरवी त्या आवाजाने मला उमासे यायचे, आणि आता ती बंद असलेली मला ऐकवेना. बावीस वर्षांत त्यांच्या घरून आलेली वाटी मी रिकामी परत पाठवलेली नाही, त्यांनीही नाही. ईदचा शीरखुर्मा तिकडे, पंचमीची दिंडं इकडे. आणि खरं औषध तेवढं माझ्या फडताळात?

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्या तेव्हा मी सांगून टाकलं. वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "येवढंच? आगं मग दोनी डब्या एका ताटात वत. एकात खरं, एकात खोटं. कालवलं की दोघीला निम्मं निम्मं तरी पडंल का न्हाई?" मी पोरांना इतकी वर्षं गणित शिकवते, मला हे सुचलं नव्हतं!

तेव्हापासून दर सोमवारी ताटात ओततो, कालवतो, सारख्या मोजून परत भरतो. म्हणून तर तुझी मोजणी चुकत नाही. आणि बघ, त्याही चालायला लागल्या आणि माझंही काही कमी झालं नाही. म्हणजे तुझं औषध निम्म्यानेही काम करतं. हे तुझ्या डॉक्टरांच्या उपयोगाचं आहे, त्यांना सांग हवं तर.

कय्युम मंगळवारी मोंढ्यात माल घ्यायला येतील तेव्हा तुझ्यासाठी चिकू पाठवते.

तुझी शहजादी


अंबाजोगाई
१७ मार्च

प्रिय शहजादी,

आधी हे, कारण याच्यानंतरचं तू कदाचित वाचणार नाहीस: मी तुझ्यासाठी कुठलीही डबी निवडली नाही. मला निवडता येत नाही. मी ते करूही शकले नसते आणि केलंही नसतं. तुझ्या हातात डबी दिली ती, दुसऱ्या हातात रतनबाईंचे कागद होते म्हणून. इतकंच. पण तुला तसं वाटावं असं मी वागले. खुर्ची, चहा, फाटकापर्यंत सोडायला येणं. त्याचा दोष तुझा नाही.

तुझं पत्र सहा दिवस माझ्या रोजनिशीत होतं. तेरा तारखेला मी ते डॉक्टरांना दाखवलं.

मी ते जाळू शकले असते. कोणाला कळलं नसतं. त्या सहा दिवसांत मी सारखं स्वतःला सांगत होते की उद्या हजारो माणसांना ही गोळी द्यायची की नाही हे या आकड्यांवर ठरणार आहे, आणि त्यातले दोन खोटे आहेत हे मला ठाऊक आहे. हे खरंच आहे. पण दाखवायला गेले तेव्हा भीतीही होती, की कधी ना कधी रतनबाई कोणासमोर तरी हसत हसत बोलून जातील आणि मग माझं काय होईल. किती टक्के तत्त्व आणि किती टक्के भीती, ते मला अजून मांडता आलेलं नाही.

डॉ. प्रियदर्शनी रागावल्या नाहीत. त्यांनी पत्र दुसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाल्या, "कोणाच्या पोटात किती औषध जातंय हेच मला माहीत नसेल, तर मी पुढची डबी देऊ कशी? उद्या एखादीला काही झालं तर?" मी त्यांना तुझ्या पंधरा जूनबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे हो."

दोघींच्या गोळ्या बंद होतील. उरलेल्या परत द्यायच्या आहेत. तपासण्या मात्र चालू राहतील, त्याला नाही म्हणू नकोस.

वनमाला


घाटनांदूर
२ एप्रिल

वनमाला,

कय्युमच्या हाती दोन्ही डब्या पाठवल्या आहेत. मोजून घे, बरोबर भरतील.

गोळ्यांविषयी लिहू नकोस असं तू पहिल्या पत्रात बजावलं होतंस. कय्युमनी ते पत्र शोधून मला दाखवलं. मी विसरले होते. विसरणं हाच माझा आजार आहे ना? तुझ्या वहीत शून्य ते दहामध्ये तो रोज लिहिलेला आहे. सातच्या खाली कधी आला नाही, फेब्रुवारी सोडला तर.

रतनमावशींचा निरोप जसाच्या तसा देते: "तिला म्हनावं, आमी चोरी न्हाई केली. वाटून खाल्लं."

रोजे चालू आहेत. मला धरवत नाहीत. तपासणीला येऊ, पण खुर्ची पुढे करू नकोस.

शहजादी


अंबाजोगाई
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय शहजादी,

जून आणि ऑगस्टमध्ये लिहिलेल्या पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. मागायचा मला हक्क नाही. मोंढ्यात कय्युमभाई भेटतात. तू पंधरा जूनला गेलीस, पाच आठवडे वर्ग घेतलास आणि मग एका सकाळी फळ्यापाशी खाली बसलीस, ते त्यांच्याकडून कळलं. "मुलं लई शांत राहिली, बाईंना वारा घालत बसली," एवढंच त्यांनी सांगितलं आणि संत्री निवडायला लागले.

अभ्यास संपला आहे. कोणत्या डबीत काय होतं ती यादी अठरा ऑक्टोबरला आली. ज्यांना हवं त्यांना ते सांगायचं असतं. तू विचारलेलं नाहीस. मी तीन आठवडे ही यादी बघून गप्प बसले आहे, आणि गप्प बसणं कोणाच्या सोयीचं आहे हे उघड आहे, म्हणून सांगते.

तुझ्या डबीत औषध होतं. रतनबाईंच्याही डबीत औषधच होतं. पहिल्या दिवसापासून.

म्हणजे सोमवारी ताटात तुम्ही औषधातच औषध कालवत होतात. कालवलं नसतं तरी दोघींच्या पोटात तेच गेलं असतं, तेवढंच. रतनबाईंना गुण यायला थोडा जास्त वेळ लागला, बाकी काही नाही. तुमच्या दोघींचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत खरे होते. मी ते खोटे म्हणून बाहेर काढले आणि औषध बंद करवलं.

नियमाने मी चुकले नाही. त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर तसंच करायला हवं होतं, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

गोळी कुठे मिळेल असं तू विचारशील. कुठेच नाही. सगळे मिळून पाहिले तर औषधवाले आणि साध्या गोळ्यांवाले यांच्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही, म्हणून कंपनीने ती बनवायची बंद केली. साध्या गोळ्यांवरही काही जण तुझ्यासारखे उठून चालायला लागले होते. तेव्हा तुला गुण आला तो औषधाने, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुमचे दोन आकडे धरले असते तरी निकाल तोच आला असता. मी बसून मांडून पाहिलं.

वनमाला


घाटनांदूर
२० नोव्हेंबर

वनू,

हे पत्र चार दिवसांत लिहिलंय, अक्षराकडे बघू नकोस.

रतनमावशींना तुझं पत्र वाचून दाखवलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं तशा हसायला लागल्या. "आगं बया, म्हंजी आपन खऱ्यात खरंच कालवलं की! आन मी संक्रांतीपस्नं तुजे उपकार मानतीय!" हसता हसता खोकल्याची उबळ आली ती थांबेना. मी पाठ चोळत होते आणि मलाही दम लागला. कय्युम गाड्यावरून घरी आले तर आम्ही दोघी उंबऱ्यावर डोळे पुसत बसलेल्या. त्यांना वाटलं, कोणी तरी गेलं.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. मी रागावले आहे का, हे मला रोज वेगवेगळं वाटतं. काल वाटलं, तू ते पत्र जाळायला हवं होतंस. आज वाटतंय, जाळणारी असतीस तर मी तुला लिहिलंच नसतं. उद्याचं माहीत नाही.

त्या पाच आठवड्यांत सत्तावीसपैकी अकरा पोरांना स्वतःचं नाव लिहायला आलं. बाकीच्यांना नवे सर शिकवतील. चांगले आहेत म्हणतात.

एक काम आहे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा आहे, या महिनाअखेरीच्या आत. केंद्रप्रमुखांनी नमुना दिलाय, सोबत जोडला आहे. मी पाच वेळा लिहायला घेतला. दुसऱ्या ओळीला आले की पहिलीत काय म्हटलं ते जातं. कय्युमना शब्द सुचत नाहीत आणि दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायची मला लाज वाटते. गावात निम्म्या लोकांना लिहायला मीच शिकवलंय. तू लिही. 'कारण' असा एक रकाना आहे, तिथे काय घालायचं ते तू ठरव. खाली जागा सोड, सही मी करीन. मंगळवारी कय्युम येतील.

शहजादी


अंबाजोगाई
२४ नोव्हेंबर, रविवार

प्रिय शहजादी,

हे रोजनिशीतच लिहिते आहे. पान फाडून तुला पाठवायचं की नाही ते ठरलेलं नाही.

शुक्रवारी मी डॉ. प्रियदर्शनींकडे गेले आणि विचारलं, उरलेल्या डब्यांपैकी एखादी कुठे आहे का. असं विचारणंही चूक आहे हे मला माहीत होतं, आणि मिळाली असती तर मी ती पिशवीत घालून तुझ्याकडे आणली असती. मग त्यांनी मला कागद दाखवला. सगळ्या गोळ्या सप्टेंबरमध्येच नष्ट झाल्या आहेत. साक्षीदार म्हणून खाली माझीच सही आहे, तरी एखादी राहिली असेल असं मी धरून चालले होते. मी नियम मोडायला तयार होऊन गेले तेव्हा मोडायला काही उरलेलं नव्हतं.

तुला लिहावंसं वाटलं की अर्ज देऊ नकोस, थांब, कुठे तरी दुसरा अभ्यास सुरू होईल, दुसरी गोळी येईल. दोन ओळी लिहिल्याही. मग खोडल्या. मला तसं काही माहीत नाही, आणि तू माझ्या शब्दावर एकदा एसटीत बसली आहेस.

तू पाठवलेला नमुना समोर आहे. 'मी स्वखुशीने' अशी सुरुवात आहे, ती बदलता येत नाही, छापील आहे. कारणाच्या रकान्यात दोन बोटं जागा आहे. 'प्रकृती अस्वास्थ्य' तिथे बरोबर मावतं. दुसरं काही मावेल का ते दुपारपासून बघते आहे. तुला वाटेल मी टाळते आहे, आणि ते खरं असेल. अर्ज मी लिहिला की तो माझ्या अक्षरात तुझ्या सेवापुस्तकात कायमचा जाईल. नाही लिहिला तर तू सहाव्यांदा लिहायला बसशील.

उद्या: शहजादीचा अर्ज लिहायचा, दोन प्रती.